सुमनताईचं नांदेड

भाचीचा फोन आला तेव्हा मी वाशीमजवळच्या मालेगावला घरी पाठ शेकत पडलो होतो. "मामा, आई गेली," सविता म्हणाली. सुमनताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. अलीकडे माणसं इतकी गेली आहेत की रडायलाही अंगात जोर लागतो. मी दोन कपडे पिशवीत टाकले आणि आधी वाशीमची, मग अनसिंगची एसटी धरली. पोहोचलो तेव्हा अंगणात निळी ताडपत्री बांधून झाली होती. त्याला आता सहा आठवडे होतील.

भाऊजींच्या शेवटच्या आजारात ताई तीन आठवडे नांदेडच्या एका दवाखान्यात होती. व्हरांड्यातच झोपायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिला सांगितलं, गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, तिथं जेवून घेत जा, तुम्ही कोण, कुठल्या, असं कोणी विचारत नाही. तीन दिवस ताई नुसती जेवून आली. चौथ्या दिवशी तिला नुसतं फुकट जेवणं बरं वाटेना, म्हणून जेवण झाल्यावर ती आत स्वयंपाकात गेली आणि बायकांच्या रांगेत पोळ्या लाटायला बसली. भाऊजी वाचले नाहीत. पण पुढच्या वर्षी त्याच महिन्यात ताईनं पिशवी भरली आणि आठ दिवस नांदेडला सेवेला गेली. मग दर वर्षीच.

मला ते खटकायचं. आमच्या बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. मी शाळामास्तर, विहाराच्या कामात पुढे असलेला. लोक मला विचारायचे, तुमची बहीण गुरुद्वाऱ्यात काहून जाते? एकदा मी तडक अनसिंग गाठलं आणि चार माणसांसमोर तिला म्हणालो, "बाबानं देव सोडले अन् तू तिथं जाऊन डोकं टेकवून राह्यली?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "टेकवतो ना. तिथं मूर्ती नाही, मिलिंद. पुस्तक हाय. तू मास्तर हायस, तुले पुस्तकाचं काय वावडं?"

मी चिडलो. नको ते बोललो. पुढे दोन वर्षं तिच्या घरी गेलो नाही... आज ती दोन वर्षं आठवली की थकायला होतं.

मग तिचे गुडघे गेले. सविताला रजा मिळेना. ताईनं मला फोन केला. "मले फक्त नेऊन सोड. तू भाईरच थांब." वाशीमहून आम्ही गाडीत बसलो. हिंगोली गेल्यावर ती आपणहून बोलायला लागली. शिखांचे दहावे गुरू पार पंजाबातून गोदावरीकाठी आले, तिथंच त्यांच्यावर वार झाला. जखम शिवली, भरतही आली होती, पण त्यांनी एक जड धनुष्य ओढलं आणि ती पुन्हा उघडली, असं सांगतात. "पोरं आधीच गेली होती त्यायची, चारी," ती म्हणाली. "जाताना त्यायनं कोन्या मानसाले गादी देल्ली नाही. ग्रंथाले देल्ली. म्हने, आता हाच तुमचा गुरू." थोड्या वेळानं म्हणाली, "मले तेवढंच समजते. बाकीचं काही समजत नाही."

मी बाहेर थांबलो नाही. तिला जिना चढवत नव्हता, म्हणून दंडाला धरून आत नेलं. दारावरच्या माणसानं डोक्याला बांधायला रुमाल दिला. आत संगमरवर, सोनं, आणि गर्दी असूनही शांतता. मी डोकं टेकवलं नाही. ताईनंही मागे वळून पाहिलं नाही. नंतर पंगतीत बसलो. माझ्या डाव्या हाताला एक ऑटोवाला, उजवीकडे भारी घड्याळ घातलेला कुणी व्यापारी, त्याच्या पलीकडे ताई. तिनं वरणाचा घास घेतला आणि वाकून म्हणाली, "लग्नात बाबाले गोठ्याजवळ जेवाले बसवत, आठवते तुले? त्याले इथं आनाले पायजे होतं."

बाबांचं ते खाली मान घालून भराभरा जेवणं मी पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. त्या वेळी आठ दिवस मीही तिथं राहिलो, भांडी घासली. परतीच्या गाडीत तिची माफी मागायची असं ठरवलं होतं. पूर्णा स्टेशनवर चहा घेऊन आलो तर ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती. उठवलं नाही. पुढे बोलू म्हटलं... मग ते राहूनच गेलं.

परवा ताईच्या पुण्यानुमोदनाला अनसिंगला गेलो. भंतेजींची वंदना झाली, जेवणं सुरू झाली. सवितानं एकच लांब सतरंजी अंथरली, गावातली सगळी माणसं त्यावर बसली. ताईकडे लंगरातल्यासारखीच पोळी ताटात टाकत नसत. वाढणारा वाकायचा, जेवणाऱ्यानं दोन्ही हात पुढे धरायचे, आणि पोळी त्या ओंजळीत यायची. मी याला नेहमी हसायचो, एक हात पुढे करायचो, आणि ताई पोळी घेऊन तशीच उभी राहायची. सविता पोळी घेऊन माझ्यासमोर आली आणि वाकून थांबली. मी दोन्ही हात पुढे केले.