भद्द वाजणारं छत

सावनेरच्या बाजूला एका कोळसा खाणीत चंद्रभान भोयर छताला लाकडी टेकू लावायचा. तिथलं छत पानापानांच्या दगडाचं. कोण्या काळी पाण्याखाली गाळ बसत गेला, थरावर थर, नखाएवढे पातळ, आणि त्याचाच दगड झाला. बघायला अखंड शिळा. पण थरांमध्ये पाणी शिरलं की पोळीचा पापुद्रा सुटावा तसा अख्खा तुकडा सुटून खाली येई.

सुटलेला थर ओळखायचं काम सरदाराचं, म्हणजे पाळीच्या मुकादमाचं. तो सळईनं छत ठोकायचा. खणखणीत वाजलं तर पक्कं, भद्द वाजलं तर पोकळ. सरदार होता रूपराव, चंद्रभानच्याच गावचा. दोघं बरोबरच खाणीत लागले होते. परीक्षा देऊन रूपराव सरदार झाला, तेव्हा वस्तीत पेढे चंद्रभाननं वाटले. चंद्रभानची बायको प्रेमिला रूपरावला राखी बांधायची.

ब्याऐंशीच्या भादव्यात एका गाळ्याचं, म्हणजे कोळसा काढून झालेल्या बोळाचं, छत पाझरायला लागलं. रूपरावनं सळई ठोकली.

"भद्द वाजून राहिलं गा," चंद्रभान म्हणाला. "आधी बाजूनं उभं राहून थर पाडून घेऊ."

"ओलं आहे म्हणून तसं वाटते. पाडत बसलो तं आजची पाळी वाया जाईल. मी पाह्यलं ना? जा, टेकू लाव."

दुसरा कोणी असता तर चंद्रभान अडून बसला असता. रूपराव होता, म्हणून तो आत गेला.

टेकू उभा करतानाच थर सपाट खाली आला. रूपरावनंच त्याला ओढून काढलं. नागपूरच्या दवाखान्यापर्यंत तो चंद्रभानचा हात धरून रडत होता. पाय मांडीपासून कापावा लागला. सुरुवातीला रूपराव डबा घेऊन यायचा. मग येईनासा झाला.

चौकशीचे साहेब खाटेजवळ आले. "छत पोकळ आहे, आत जाऊ नको, असं सरदारानं बजावलं होतं. तुम्ही ऐकलं नाही. असा त्याचा जबाब आहे."

"कोणाचा?" चंद्रभाननं विचारलं. साहेबांनी नाव सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं. साहेबांनी पुन्हा तेच नाव सांगितलं.

चंद्रभाननं जे घडलं ते सांगितलं. पण त्या वेळी गाळ्यात तिसरं कोणी नव्हतं. चूक त्याचीच ठरली. त्यानं खाण सोडली, नागपूरच्या महाल भागात भाड्याची खोली घेतली आणि खुर्च्यांना वेत विणायला शिकला. जखम भरली. पण प्रेमिला "पाणी कोमटच आहे" म्हणाली, तरी तो आधी बोट बुडवून बघायचा. कोणाच्या शब्दावर पाऊल टाकणं त्याच्यातून गेलं होतं.

काही वर्षांनी रूपराव लेकीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन दारात आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "माही सरदारकी गेली असती गा. पोरी लहान होत्या."

चंद्रभाननं हातातला वेत खाली ठेवला. "हेच तू खाटेजवळ येऊन बोलला असता, तं मीच म्हटलं असतं, माही चूक लिहा. पाय तं गेलाच होता. मले इचारलं काहून नाही?"

प्रेमिलानं आणलेलं पाणी न पिताच रूपराव उठला.

"लग्नाले जायचं का?" तिनं नंतर विचारलं.

"तू जाऊन ये. पोरीनं काय केलं वं?" चंद्रभान म्हणाला. "मी नाही येत."