सुनंदाने शाल घेतली नाही

मंडळी, पेणहून परतलो, रोह्याला शिफ्टवर आलो आणि कंपनीच्या कॉम्प्युटरवरून आधी आपल्या ग्रुपला हा मेल लिहितोय.

माझी कॉलेजातली मैत्रीण सुनंदा गणितात संशोधन करते. तिचं काम असं: अनेक मितींमधल्या शंकूचं टोक कापून टाकायचं, तिथे गुळगुळीत आकार बसवायचा आणि त्यावर अंतर मोजायची अशी रीत शोधायची, की दूरवर ती मूळ शंकूशी जुळेल. ते जमलं म्हणून आज पेणला एका शाळेत तिचा सत्कार होता.

शाल समोर आली तशी ती माइकवर म्हणाली, "माफ करा. टोकाजवळ माझं गणित जुळत नाही. चूक कालच सापडली, अजून कोणाला माहीत नाही. हा सत्कार मी घेऊ शकत नाही."

जन्मभर मिठागरात राबलेली तिची आई पहिल्या रांगेतून उठली. "मग आता काय करशील गो?"

"गणित पुन्हा करीन," सुनंदा डोळे पुसत म्हणाली.

"मग कर की. रडतेस कशाला?"

सुनंदा हसली. खडू घेऊन कुठे अडलंय ते फळ्यावर समजावू लागली. निम्मं डोक्यावरून गेलं, पण कोणी जागचं हललं नाही.

कोणालाच न दिसलेली चूक भर सभेत तुम्ही सांगितली असती? मी बहुधा शाल घेऊन घरी आलो असतो.