अठ्ठावन्न मार्कांचा क्वार्टरबॅक

मी आयुष्यात अमेरिकन फुटबॉलचा एकही चेंडू फेकलेला नाही. तरीही इथे अमेरिकेतल्या प्रत्येक क्वार्टरबॅकबद्दल माझं ठाम मत होतं.

मत म्हणजे राग. मी अ‍ॅशबर्नमध्ये एका डेटा सेंटरात काम करतो. दिवसभर मशीनं तापू नयेत म्हणून धडपडतो आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतः तापतो. कारण, आमचा इथला व्यावसायिक संघ! वीस वर्षं मी त्याच्यावर जीव टाकलाय आणि वीस वर्षांत त्याला धड क्वार्टरबॅक मिळालेला नाही. (क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू कुणाकडे फेकायचा हे तीन सेकंदांत ठरवणारा गडी. तेवढ्या वेळात दीडदीडशे किलोची चार माणसं त्याच्या अंगावर धावून येत असतात. मला लंचला काय मागवायचं हे ठरवायला याहून जास्त वेळ लागतो.) दर एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो, म्हणजे कॉलेजातले चांगले खेळाडू व्यावसायिक संघ एकेक करून उचलतात. सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला पहिला मान. आमचा नंबर कायम वरचा असतो, यातच काय ते समजा.

तर अशा रागाच्या भरात मला एक वेबसाइट सापडली. तिची माणसं गावोगावच्या कॉलेजांत जाऊन खेळाडू पाहतात आणि मार्क देतात. हाताची ताकद, नेम, पायांची चपळाई, डोकं शांत ठेवणं, सगळ्याला वेगवेगळे मार्क, आणि शेवटी शंभरपैकी एकच ठसठशीत आकडा. मी महाराष्ट्र बोर्डातून आलेला माणूस. छापील मार्क दिसले की माझे हात आपोआप जोडले जातात! त्या वर्षी ट्रिप हॉलिस्टर नावाच्या एका क्वार्टरबॅकला चौऱ्याण्णव होते. आणि बी. जे. मॅकार्डल नावाच्या एकाला अठ्ठावन्न.

हा अठ्ठावन्नवाला माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या युनिव्हर्सिटीत खेळायचा. मुक्ता तिथे कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला होती आणि फावल्या वेळात फुटबॉल टीमच्या प्रॅक्टिसचं शूटिंग करायची. कोच ते व्हिडिओ पाहून खेळाडूंच्या चुका काढतात म्हणे. मी त्याला ‘कॅमेरा धरणं’ म्हणायचो. तिला ते झोंबायचं.

“बाबा, मॅकार्डल इज रिअली गुड,” ती फोनवर म्हणाली.

“अठ्ठावन्न मार्क आहेत त्याला.”

“कुणी दिले?”

“तज्ज्ञांनी.”

“मी दोन वर्षं त्याचा एकेक थ्रो शूट करतेय, बाबा!”

“कॅमेरा धरल्याने खेळ कळत नाही, मुक्ता.”

तिने फोन ठेवला. माझ्या मते रेंज गेली होती.

दसऱ्याच्या वीकेंडला त्यांच्या टीमला सुट्टी होती. मुक्ता म्हणाली, “मी येतेय, आणि एक फ्रेंडही येईल. बेन.”

“फ्रेंड म्हणजे?” वैशालीने, माझ्या बायकोने, विचारलं.

“आई, फ्रेंड म्हणजे फ्रेंड.”

हे उत्तर ऐकून वैशालीने श्रीखंडाचं प्रमाण दुप्पट केलं.

बेन आला. चष्मा, स्वेटर, उंची माझ्यापेक्षा जेमतेम चार बोटं जास्त. न सांगता बूट काढून दाराशी नीट लावून ठेवले. मुक्ता पुऱ्या लाटायला आत गेली आणि मी पाहुण्याशी चार शब्द बोलावेत म्हणून बसलो. तिथेच घात झाला.

“फुटबॉल पाहतोस का?” मी विचारलं. (संवाद अर्थात इंग्रजीत. माझं इंग्रजी रागात आलं की नाशिकच्या शाळेतलं होतं.)

“थोडंफार,” तो म्हणाला.

“तुमच्या कॉलेजात तो मॅकार्डल आहे ना? ओळखतोस?”

त्याने चष्मा वर सारला. “हो. ओळखतो.”

“कसा आहे?”

“बरा आहे. सकाळी लवकर उठायला कुरकुरतो.”

“उठायला कुरकुरतो ना? बघ! रिपोर्टात तेच आहे!” (रिपोर्टात तसलं काहीही नव्हतं.) आणि मी लॅपटॉप उघडला.

आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला तो ओळखू कसा आला नाही? अहो, क्वार्टरबॅक मी हेल्मेटमध्येच पाहिलेले. आणि याला तर हेल्मेटमध्येही पाहिला नव्हता! मी त्याचा एकही सामना पाहिलेला नव्हता. फक्त मार्क पाहिले होते. वेबसाइटवर त्याच्या फोटोच्या जागी करड्या रंगाचा चौकोन होता; अठ्ठावन्न मार्कवाल्यांचे फोटो लावायचे कष्ट ती मंडळी घेत नाहीत.

लॅपटॉपचा स्क्रीन लहान पडतो म्हणून मी तो रिपोर्ट टीव्हीवर लावला. पासष्ट इंची टीव्हीवर! आणि उभा राहून एकेक ओळ समजावून सांगायला लागलो. “हाताची ताकद, साधारण. म्हणजे काय? लांबचा पास मारायला गेला की चेंडू हवेतच दमतो! उंची, अपुरी. समोरची धिप्पाड माणसं उभी राहिली की याला मैदान दिसतच नसणार. आणि हे बघ, दबावाखाली गोंधळतो. असल्या माणसाला टीममध्ये घेणाऱ्याला मी नोकरीवरून काढीन!”

“काका, पाणी देऊ का?” बेनने विचारलं. मुक्ताने त्याला ‘काका’ शिकवून आणलं होतं.

“नको! आधी त्याचे पाय बघ. पाय!”

बेनने खरंच स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मला वाटलं, संकोचला बिचारा.

एवढ्यात मुक्ता गरम पुऱ्यांचं ताट घेऊन बाहेर आली, टीव्हीकडे पाहिलं आणि जागच्या जागी थिजली. “बाबा! व्हॉट आर यू डूइंग?”

“पाहुण्याला रिपोर्ट समजावतोय.”

“ओह माय गॉड. बाबा, प्लीज स्टॉप—”

“असू दे, मुक्ता,” बेन शांतपणे म्हणाला. “मला पुढचं ऐकायचंय.”

“बघ! त्याला इंटरेस्ट आहे!” मी म्हणालो आणि पुढची वीस मिनिटं बोललो. बेनने त्या वेळात नऊ पुऱ्या खाल्ल्या. एकदाही मधे बोलला नाही. मुक्ता भिंतीला टेकून माझ्याकडे अशी बघत होती, की माझ्या जागी पुरी असती तर तेलाशिवाय फुगली असती.

मग बेल वाजली. शेजारचे पटवर्धन काका सोनं द्यायला आले होते. (काका हाडांचे रिटायर्ड डॉक्टर आणि कॉलेज फुटबॉलचे वेडे. चाळीस वर्षांपूर्वी इथे आले. आपटा इथे मिळत नाही म्हणून आपल्या अंगणातल्या कुठल्यातरी झाडाची पानं दरवर्षी सोनं म्हणून वाटतात.) काकांनी दारातून आत पाहिलं आणि त्यांच्या हातातलं सगळं सोनं जमिनीवर सांडलं.

“अरे श्रीकांत! तुझ्याकडे मॅकार्डल आलाय, आणि तू मला बोलावलं नाहीस?”

“कोण?”

“बी. जे. मॅकार्डल! बेंजामिन! तो काय, पुरी खातोय!”

मी पुरी खाणाऱ्याकडे पाहिलं. मग टीव्हीकडे पाहिलं. तिथे पासष्ट इंचांत ‘दबावाखाली गोंधळतो’ झळकत होतं. मी रिमोट शोधायला लागलो. तो सापडेना! सोफ्याच्या उशा फेकल्या, टेबलाखाली वाकलो. शेवटी बेननेच तो श्रीखंडाच्या भांड्यामागून काढून माझ्या हातात दिला.

“सॉरी,” मी म्हणालो. एवढंच निघालं.

“त्यांनी लिहिलंय ते खोटं नाही, काका,” तो म्हणाला. “माझा हात खरंच साधारण आहे. ते दोन दिवस आले होते. दोन दिवसांपुरतं ते खरं आहे. दबावाखाली गोंधळतो लिहिलंय, त्या सामन्यात मला राखणाऱ्या पाचांतले दोघं तापाने पडलेले होते. मीही त्यांच्या जागी असतो तर तेच लिहिलं असतं.”

त्याने वैशालीला नमस्कार केला, काकांबरोबर फोटो काढला आणि गाडीत जाऊन बसला. दारात मुक्ता थांबली. 

“मला एका प्रो टीमच्या व्हिडिओ डिपार्टमेंटमधून ऑफर आलीय. ग्रॅज्युएशननंतर जॉब. तेच सांगायला आले होते. म्हटलं, बाबाला बेन आवडला तर माझं कामही समजेल. पण तू तर वाचायलाच बसलास. बाबा, तू माझं काम एकदा तरी पाहिलंस का? नाही ना? माझे किती मार्क आहेत तुझ्या वेबसाइटवर?”

आणि ती गेली.

त्या रात्री मला भयंकर राग आला. वेबसाइटचा आला, फोटो न लावणाऱ्याचा आला, ‘बेन’ म्हणून ओळख करून देणाऱ्या लेकीचा आला, इतक्या सभ्यपणे ऐकून घेणाऱ्या त्या पोराचा तर सगळ्यात जास्त आला. अरे, माणसाने एकदा तरी सांगावं ना, की मीच तो! आठवडाभर सगळ्यांचा राग करून झाल्यावर एकच माणूस उरला, आणि तो रोज सकाळी दाढी करताना समोर यायचा.

मुक्ता तीन आठवडे फोन उचलेना. शेवटी पटवर्धन काकाच म्हणाले, “श्रीकांत, मी जन्मात नुसता एक्स-रे बघून ऑपरेशन केलं नाही. आधी पेशंटला चार पावलं चालायला लावायचो. चल, गाडी काढ.”

नोव्हेंबरच्या एका शनिवारी आम्ही दोघं त्यांच्या युनिव्हर्सिटीत सामना पाहायला गेलो. अशी थंडी, की नाक आहे की गेलं हे चाचपून बघावं लागत होतं. मॅकार्डलचा लांबचा पास खरंच हवेत दमला. दोनदा! “बघा!” असं माझ्या तोंडून निघालंच. पण नंतर चारजण अंगावर आलेले असताना तो असा उभा राहिला, जणू बसस्टॉपवर आहे, आणि अगदी शेवटच्या क्षणी चेंडू आपल्या माणसाच्या हातात ठेवला. त्याला कुठल्या रकान्यात घालायचं ते मला कळेना.

“तिकडे वर बघ,” काका म्हणाले.

मैदानाच्या टोकाला एका उंच लोखंडी मचाणावर, बोचऱ्या वाऱ्यात, हूड घट्ट बांधून मुक्ता उभी होती. कॅमेरा एक इंचही हलत नव्हता. सगळं स्टेडियम चेंडूमागे नाचत होतं. ती एकटी पुढे काय होणार हे ठाऊक असल्यासारखी चेंडूच्या आधी कॅमेरा वळवत होती. मी उरलेला सामना पाहिला नाही. तिलाच पाहत होतो. बावीस वर्षांची माझी मुलगी, आणि मी तिचा एकही सामना पाहिला नव्हता.

ती खाली उतरली तेव्हा तिची बोटं गारठून लाल झाली होती. मी माझे हातमोजे काढून दिले.

“मुक्ता, चुकलो. जॉब घे.”

“मी ऑलरेडी घेतलाय, बाबा,” ती म्हणाली. पण हातमोजे घातले.

एप्रिलमध्ये ड्राफ्ट झाला. आता मी पूर्ण पलटलो होतो! मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात माइक हातात घेऊन सांगितलं होतं, की चौऱ्याण्णववाला हॉलिस्टर फुसका निघणार आणि आपला मॅकार्डल देश गाजवणार. मार्क म्हणजे सगळी थापेबाजी! आमच्या संघाने अर्थातच हॉलिस्टरला उचललं. मी टीव्हीवर चप्पल फेकली. मॅकार्डलला दूरच्या एका संघाने पार शेवटी शेवटी घेतलं.

आणि सप्टेंबरमध्ये सामने सुरू झाल्यावर काय झालं? हॉलिस्टर उत्तम खेळायला लागला. अगदी चौऱ्याण्णव मार्कांचा! मॅकार्डल त्याच्या संघात राखीव म्हणून बेंचवर बसला. मंडळाची माणसं मला गाठून गाठून विचारायला लागली. मी चिडून मुक्ताला फोन केला.

“मग नक्की विश्वास ठेवायचा तरी कुणावर? वेबसाइटवर की तुझ्यावर?”

“बाबा, रिपोर्ट वाच आणि मॅचही बघ. दोन्ही कर. आणि बेनचं काय म्हणतोस, तो जाम खूश आहे. अठ्ठावन्नवाल्याला कोण घेतं? त्याच्या टीमने त्याला एकाच गोष्टीसाठी घेतलं. डोकं शांत ठेवणं. त्यांच्या स्वतःच्या रिपोर्टमध्ये त्यात त्याला सगळ्यात जास्त मार्क मिळाले.”

“त्यांना काय माहीत त्याचं डोकं शांत आहे ते?”

पलीकडून हसण्याचा आवाज आला.

“ड्राफ्टच्या आधी त्यांच्या माणसाने मला फोन केला होता. टीमबरोबर असणाऱ्या सगळ्यांना विचारतात. मी त्याला दसऱ्याची सगळी गोष्ट सांगितली. त्याने ती रिपोर्टमध्ये घातली.”

“माझं नाव घालून?” मी घाबरून विचारलं.

“नाही रे बाबा. त्याने फक्त एवढंच लिहिलं, ‘अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतही विचलित होत नाही.’ ती परिस्थिती म्हणजे तू.”