खूनवाले काका

"शनिवारी दुपारी काय करतोयस? ये घरी. फार सुरेख खून आहे."

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला शिकायला येऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते, आणि लायब्ररीच्या दारात भेटलेले पांढऱ्या मिशांचे, अत्यंत सभ्य दिसणारे एक मराठी गृहस्थ मला हे आमंत्रण देत होते. त्यांच्या हातात चार जुन्या डीव्हीडी होत्या. प्रत्येकीवर हॅट घातलेला एक माणूस आणि त्याच्याकडे संशयानं पाहणारी एक बाई. गावातली आम्ही सगळी मराठी पोरं त्यांना 'खूनवाले काका' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

काका मूळचे पुण्याचे, गवताचे शास्त्रज्ञ. गाईंनी कुठलं गवत खावं, यावर त्यांनी इथे उभी हयात संशोधन केलेलं. निवृत्त झाले आणि हॉलिवूडच्या जुन्या काळ्यापांढऱ्या गुन्हेपटांच्या नादी लागले. का, असं विचारलं तर म्हणायचे, "अरे, गवत फार सरळ असतं. इतक्या वर्षांत एकाही पात्यानं मला फसवलं नाही. आता जरा लबाड माणसं बघू दे की!"

दुपारी दोनला सगळे पडदे ओढले जायचे. बाहेर लख्ख ऊन, शेजारी लॉन कापतोय, आणि आत आम्ही पाचसहा जण गालिच्यावर अंधारात. "लख्ख उजेडात काळापांढरा खून बघणं म्हणजे आमरसात ताक ओतणं," असं काकांचं मत होतं. रिमोट त्यांच्या हातात असायचा आणि दीड तासाचा सिनेमा तीन तास चालायचा. ऐन रंगात आला की ते थांबवत. "बघ, सिगरेट पेटवताना ह्याचा हात हलला की नाही? तोंड खोटं बोलतं. काडेपेटी नाही बोलत."

काकूंना सिनेमांत मुळीच रस नव्हता. त्या स्वयंपाकघरातून साबुदाण्याची खिचडी घेऊन यायच्या, पडद्याकडे अर्धं मिनिट पाहायच्या आणि "हा नवराच आहे हो," असं म्हणून आत जायच्या. नवराच असायचा. काका कळवळून ओरडायचे, पण उपयोग नसे. शिवाय काकूंचा एक स्वतंत्र सिद्धांत होता. "ही माणसं नुसती पीत असतात. कुणी कधी जेवताना दिसतं का? वेळेवर चार घास पोटात गेले असते, तर निम्मे खून टळले असते."

दुसऱ्या वर्षी मी एक जुनी गाडी घेतली. एका शनिवारी सुपरमार्केटमधून दही घेऊन काकांकडे निघालो आणि पार्किंगमधून मागे येताना शेजारच्या गाडीला ठोकलं. तिचा मागचा दिवा फुटला. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी दोन्हीकडे पाहिलं आणि सरळ निघून आलो.

त्या दिवशीच्या सिनेमात पोलिसांची गाडी फार वेळा येत होती. दर वेळी सायरन वाजला की मी दचकत होतो. चौथ्या वेळी चहा गालिच्यावर सांडला. काकांनी सिनेमा थांबवला नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. संपल्यावर मात्र म्हणाले, "ये रे, सायकलमध्ये हवा भरायचीय, जरा पंप धर." गॅरेजमध्ये पोचल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं.

"कुणाला मारलंस?"

"गाडीला," मी म्हणालो.

"जिवंत आहे?"

"दिवा फुटलाय, काका." आणि मला चक्क रडू आलं. व्हिसा जाईल, कॉलेज काढून टाकेल, बाबांना काय सांगू, असं सगळं बाहेर पडलं. काकांनी ऐकून घेतलं.

"हे सिनेमे खुनाचे नसतात," ते शेवटी म्हणाले. "खून पाच मिनिटांत उरकतो. उरलेला दीड तास असतो, तो त्या माणसाला झोप लागत नाही त्याचा. तुझे अजून दोनच तास झालेत. चल."

काका जँडल्सवरच, म्हणजे घरातल्या रबरी चपलांवरच, गाडीत बसले. ती गाडी अजून तिथेच उभी होती, कारण ती तिथल्याच बेकरीत काम करणाऱ्या एका बाईंची निघाली. पिठाचे हात पुसत त्या बाहेर आल्या. मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसत सुटल्या. "अरे लव्ह, ती काच गेल्याच आठवड्यात मी गेटवर आपटून तडकवली होती! तू फक्त पाडलीस. काही बिघडलं नाही, स्वीट अ‍ॅज!" पुढच्या शनिवारी मी नवा दिवा आणला आणि काकांनी आणि मी तो बसवून दिला. परत येताना काका एवढंच म्हणाले, "आमच्या सिनेमातल्या एकालाही हे सुचत नाही बघ."

शिक्षण संपलं, मी नोकरीसाठी वेलिंग्टनला गेलो. पुढे काका-काकूही शेजारच्या पोरिरुआला लेकीजवळ राहायला आले. मी महिन्यातून एकदा जायचो. काकांची नजर अधू झाली होती. सिनेमा लावला की नातीला शेजारी बसवून ते मराठीत विचारत, "आता कोण आलं?" ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं झकास जमायचं.

गेल्या हिवाळ्यात काका गेले.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही शनिवारची जुनी मंडळी लेकीच्या अंगणात चहा घेत उभे होतो. काकांच्या आठवणी निघाल्या आणि मी प्रथमच त्या दिव्याची गोष्ट सांगितली. सगळे हसले. आमच्यातला मिलिंद मात्र हसला नाही.

"मला पण गॅरेजमध्ये नेलं होतं," तो म्हणाला. प्रयोगशाळेतलं एक यंत्र त्याच्या हातून बिघडलं होतं आणि बोलणी बिचारा टेक्निशियन खात होता. काका त्याला घेऊन प्रोफेसरकडे गेले होते. मग प्राजक्ता हळूच बोलली. ती एका वर्षी नापास झाली होती आणि नाशिकला घरी पास झाल्याचं कळवून बसली होती. खरं सांगायला तिनं फोन लावला, तेव्हा काका शेजारी बसून होते. प्रत्येकाला वाटत होतं, आपणच एकटे. इतक्या वर्षांत काकांनी एकाचं दुसऱ्याला कळू दिलं नव्हतं.

काकू बिस्किटांची बशी घेऊन कधीच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मलासुद्धा नाही सांगितलं कधी," त्या म्हणाल्या. "कुणाला हवा भरायला गॅरेजमध्ये नेलं, की त्या शनिवारी तुम्ही सगळे गेल्यावर हे अंधार पडेपर्यंत परसात फेऱ्या मारत राहायचे. हाक मारली तरी लक्ष नसायचं. मला आपलं वाटायचं, आजचा सिनेमा आवडला नसेल."