मलबारचं लाकूड

रत्नागिरीच्या खाडीकाठी माझ्याइतका मोठा होडीसुतार झाला नाही, आणि मी एकही होडी पुरी बांधली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी वाकस घेऊन फळी तासायला लागलो की पलीकडे भाट्यातले कोंबडे आरवायचे, आणि माझी उडालेली ढलपी भरतीबरोबर थेट पूर्णगडाला लागायची. विश्वास बसत नसेल त्यानं कोंबड्यांना विचारावं.

वडील माझ्या लहानपणीच गेले. वाकस हातात दिला तो मामानं. पण पुढे आगबोटी माल उचलू लागल्या आणि शिडाच्या गलबतांना कुणी विचारीना. आमच्याकडे एक मचवा अर्धा उभा होता. नुसत्या फासळ्या, देवमाशाचा सांगाडा वाळूवर पडावा तशा. मालक येईनासा झालेला. कुणी विचारलं की मामा म्हणायचा, "लाकूड मलबारातून यायचंय." हे तो इतकी वर्षं म्हणत होता, की तेवढ्यात मलबारात बी पेरून साग तोडता आला असता. पण मी रोज सकाळी खाडीच्या तोंडाकडे बघायचो.

अशात मावशीचे यजमान आले. ते वेड्यांच्या इस्पितळात कारकून.

"रखवालदाराची जागा रिकामी झालीय. सरकारी. म्हातारपणी पेन्शन. दसरा झाला की रुजू व्हायचं."

"मी होडीसुतार आहे," मी म्हटलं.

"कुठल्या होडीचा?"

आई मध्ये पडली. "भांडू नका. देवाला विचारू."

आमच्याकडे गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. त्यात मी सगळ्यांच्या पुढे. माझ्या एका 'होय'नं देवळातली घंटा आपसूक हलायची.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराला सुखी ठेव म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"सरकारची भाकर ह्याला लाभू दे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आवाज माझाच मोठा.

आई गर्रकन वळली. "मेल्या, आपल्याच तोंडानं होय म्हणालास!"

"अगो, ते सवयीनं!"

"देवापुढे कुणी सवयीनं बोलतो काय?"

शेवटी गुरवानं कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर नोकरी, डावी पडली तर होड्या. आम्ही उभे. उन्हं माथ्यावर आली, कळ्या सुकल्या, पण एकही पडेना. "देव अजून विचारात आहे," असं म्हणून गुरव जेवायला गेला. इतका वेळ मामा खांबाला टेकून होता.

"उजवी पडली नाही ना? मग मी मामाकडेच," मी जाहीर केलं. आईनं वाद घातला नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. मचव्याच्या फासळ्यांखाली पाट मांडून मामानं हत्यारं ओळीनं लावली. करवत, पटाशी, गिरमिट, त्याचा वाकस. दरवर्षी त्याला लागून माझा असायचा. या वर्षी ती जागा रिकामीसुद्धा नव्हती. बाकीची हत्यारं सरकवून त्यानं ती बुजवली होती.

"मामा, माझा वाकस?"

"तुझ्या आईकडे दिलाय. फडक्यात बांधून." करवतीला कुंकू लावता लावता तो म्हणाला, "लाकूड यायचं नाही रे. देवाला कशाला कोड्यात घालतोस? जा तू."

माझ्या तोंडापुढे मिरकरवाड्याच्या कोळिणीही हात टेकायच्या. त्या दिवशी मी नुसता नारळ उचलला. फोडला. पाणी वाळूनं पिऊन टाकलं.

इस्पितळात पहिल्याच सकाळी एका म्हाताऱ्या रोग्यानं मला खालवर न्याहाळलं.

"आधी काय करत होतास?"

"होड्या बांधत होतो."

"मग मला तीन शिडांचं गलबत बांधून दे. मस्कतला जायचंय."

माझ्या एकट्याकडे आलेलं ते पहिलं गिऱ्हाईक. मी हो म्हटलं. तेव्हापासून रोज कुलूप काढलं की तो विचारायचा, "कुठवर आलं?"

"लाकूड मलबारातून यायचंय, काका."

तो मान डोलवायचा, आणि गजाला धरून समुद्राच्या अंगाला बघत बसायचा.