डाव्या कोपऱ्याचं गाऱ्हाणं

काजू बी विकत घ्यायची तर आधी तिला नावं ठेवायची, हे मला कोणी शिकवलं नाही. सायकलला पोतं बांधून दारोदार फिरायला लागलो आणि शिकलो. बी उचलायची, कानाशी हलवायची, तोंड वाकडं करायचं. "हलकी आसा गो. भिजलेली दिसता." जो माल हवाच असेल, त्याला जास्त नावं. कसालला हमरस्त्यालगत माझं गोदाम उभं राहिलं ते या जिभेवर. वाडीने कबड्डीचा संघ माझ्या हाती दिला, तेव्हा मी दुसरी कोणती जीभ आणणार होतो?

संघात सगळ्यांत मोलाचा गडी म्हणजे डावा कोपरा. दिवसभर रिक्षा चालवून संध्याकाळी सरावाला यायचा. चढाईला आलेल्याचा घोटा एकदा त्याच्या हातात सापडला की सुटत नसे. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच सगळ्यांत जास्त शिव्या त्याला. "पाय आसत काय माडाचे बुंधे रे?" तो हसायचा. मला वाटायचं, औषध लागू पडतंय.

यंदा जत्रेच्या सामन्यांत आम्ही अंतिम फेरीत पोचलो. आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय कोणी गडी रेषेच्या आत पाऊल टाकत नाही. नारळ ठेवून एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. म्हणायचं म्हणजे म्हणायचंच.

कर्णधार म्हणाला, "शेटनू, तुमीच घाला."

माझं डोकं आधीच तापलेलं. मघाचा सामना कसाबसा निघाला होता. त्यात समालोचकाने मंडपवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले, मी दिलेल्या जर्सींबद्दल चकार शब्द नाही. आता त्यानेच माईक माझ्या तोंडापुढे धरला.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज मैदानात उतरतत, त्यांका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमचो चढाईवालो बायलेक भिता, तसो समोरच्याक भियाव नको, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लोक हसले. हशा ऐकून मला चेव आला.

"आणि ह्यो आमचो डावो कोपरो! तेचे पाय शेणात रुतलेले आसत. मघाशी तेच्यापायीच सामनो बुडाक इलेलो. तेवढे पाय सोडव रे म्हाराजा!"

अख्खं मैदान खिदळलं. बायकांच्या बाजूला त्याची आई बसली होती. खेळाडूंचा आवाज या वेळी अर्धाच निघाला. सगळे थांबल्यावर तो एकटा, मान खाली घालून म्हणाला, "व्हय म्हाराजा."

सौद्यात समोरचा गप्प होऊन मान हलवतो, तेव्हा जे सुख होतं, तेच मला त्या क्षणी झालं. ते सुख आठवलं की आज अन्न गोड लागत नाही.

सामन्यात तो समोरच्याच्या घोट्याकडे बघतच नव्हता. स्वतःच्या पायांकडे बघत होता. आम्ही हरलो.

त्यानंतर तो सरावाला आला नाही. त्याच्यामागून बाकीचेही गळू लागले. मी दात-ओठ खात बसलो. संघ मी उभा केला, आणि एका वाक्यावरून रुसता? खोटं कशाला बोलू, तो राग थोडा अजून आहे. पण मे महिन्याचे सामने जवळ आले आणि डाव्या कोपऱ्यात उभं करायला माणूस नव्हता. शेवटी मीच त्याच्या घरी गेलो.

त्याची आई खळ्यात बी वाळत घालत होती. माझा हात सवयीने खाली गेला.

"सांगा शेटनू, हलकी आसा ना?"

"बरी आसा," मी म्हणालो.

"अगो बाय माझे! बी व्हयी की झील?"

"झील," तिचा मुलगाच हवा, हे माझ्या तोंडून निघून गेलं.

"मगे तेका नावां तर ठेवन झाली. आता वजन करा."

तोवर तो बाहेर आला. तुझ्यासारखा कोपरा जिल्ह्यात नाही, हे वाक्य मी वाटभर घोकलं होतं. तोंडातून आलं ते असं: "सरावाक कित्या येत नाय? अंग बघ कसा सुटला तुझा!"

तो शांतपणे म्हणाला, "पाय रुतलेले आसत शेटनू. देवाक तुमीच सांगलात. तेणी सोडवल्यार येतलंय."

"अरे, मी गमतीन बोललंय!"

"गाऱ्हाण्यात गंमत घालतत?"

आयुष्यभर चढ्या आवाजात बोलणारा मी, एका रिक्षावाल्याच्या खळ्यात चपला चाचपत उभा होतो. त्याची आई बी पसरता पसरता म्हणाली, "जां थंय बोललात, तां थंयच फिरवक व्हया."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना मैदानात बोलावलं. माईक नव्हता, बघणारी माणसं नव्हती. तो आला आणि रांगेच्या टोकाला उभा राहिला. मी नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा, जत्रेक ह्या तोंडातसून जां गेला, तां खोटा होता. तेच्या पायांक काय एक झालेला नव्हता. तो सगळ्यात बरो, म्हणान मी तेका नावां ठेवलंय. माझी सवय ती. तां बोलणा माघारी घी रे म्हाराजा."

कोणीच बोललं नाही. त्याच्याआधी तोंड उघडायला एकही जण तयार नव्हता. हात जोडून मी उभा. गाऱ्हाण्याला उत्तर न मिळालेला माणूस आमच्या गावात माझ्याआधी कोणी पाहिला नसेल.

मग रांगेच्या टोकाकडून आलं, "व्हय म्हाराजा." त्याच्यामागोमाग सगळ्यांचं. तो रेषेच्या आत गेला, डाव्या कोपऱ्यात उभा राहिला आणि साखळी धरायला शेजारच्यापुढे हात केला.

आता तो रोज येतो. पण गाऱ्हाण्याला "व्हय" म्हणावंच लागतं, त्यामुळे ते मनातून होतं की जत्रेतल्यासारखंच होतं, मला कळलेलं नाही. त्याला विचारत नाही. विचारलं तरी तो "व्हय"च म्हणेल.