चहाचं कपाट

पाहुण्याला चहा न देण्याच्या पुण्यात पुष्कळ पद्धती आहेत. आमच्या सोसायटीतल्या काकांची पद्धत मात्र मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. ते चहा करायचे, त्याला सुरेख तांबूस रंग यायचा, पाहुणा हात पुढे करायचा आणि काका तो अख्खा चहा त्याच्या डोळ्यांदेखत बेसिनमध्ये ओतून द्यायचे.

"हा प्यायचा नसतो. यानं फक्त पानं धुतली," ते शांतपणे सांगायचे. "आपल्याला घाई आहे का?"

"हो" म्हणणाऱ्याला ते तितक्याच शांतपणे दारापर्यंत सोडायला यायचे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा "हो" म्हणाले होते. वारज्यातल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. त्या दिवशी पाण्याच्या नव्या लाइनसाठी एकवीस सह्या गोळा करायच्या होत्या आणि काका यादीत नववे होते. "मग उद्या या, सेक्रेटरीबाई," ते म्हणाले. "हा चहा पंधरा मिनिटं मागतो. आपल्याकडे सात दिसतात." सही तर दिली नाहीच. दुसऱ्या दिवशी मी पंधरा मिनिटं काढून गेले ती तासाभरानं परतले. एव्हाना माझ्या वहीत चहाविषयी एक पान भरलं होतं. सही तिसऱ्या दिवशी मिळाली.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पु-एर नावाचा हा चिनी चहा. पानं वाफवून, दाबून त्याची ताटलीएवढी चकती करतात आणि ती वर्षानुवर्षं मुरू देतात. दिसायला ती हुबेहूब गोवरीसारखी असते. गेटवरचा वॉचमन पार्सल आलं की इंटरकॉमवर सांगायचा, "काका, तुमच्या गोवऱ्या आल्यात." काकूंनी तोच शब्द उचलला होता. "लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो," त्या म्हणायच्या. "गोवरी मुरवणारा माणूस मला देवानं बरोबर शोधून दिला."

काका एका औषध कंपनीत स्टोअर्स ऑफिसर होते. चौतीस वर्षं त्यांनी एकच नियम पाळला, आधी आलेला माल आधी बाहेर. निवृत्तीच्या दिवशी चीनहून परतलेल्या एका सहकाऱ्यानं त्यांना अशी एक चकती भेट दिली. ती जितकी जुनी होईल तितकी चांगली, हे ऐकून काका आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडायला तयार झाले. "जन्मभर जुना माल बाहेर काढला हो," ते म्हणायचे. "एक तरी वस्तू माझ्या ताब्यात सुखानं म्हातारी होऊ दे." ती चकती पंचाहत्तराव्या वाढदिवसालाच फोडायची, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. तिच्या सोबतीला मग आणखी तीसेक आल्या.

त्यासाठी त्यांनी हॉलमधलं लाकडी कपाट ताब्यात घेतलं. तोपर्यंत तिथे काकूंचे पापड, लोणची आणि गोड्या मसाल्याची बरणी नांदत होती. ते सगळं एका सकाळी स्वयंपाकघरात रवाना झालं, कारण हा चहा शेजाऱ्याचा वास लगेच उचलतो. कपाटात हवेतला ओलावा मोजायचं यंत्र लागलं. प्रत्येक चकतीला स्टोअरमध्ये असतं तसं कार्ड लागलं. रोज सकाळी सातला काका कपाट उघडून आकडा टिपायचे. ते उघडं असताना घरात फोडणी द्यायची नाही, हा नियम होता. उदबत्तीचं घर बाल्कनीत गेलं. "देवाला हलवलं यांनी," काकू म्हणायच्या, "पण गोवऱ्यांना धक्का नाही."

मला याद्या करायची सवय आहे, त्यामुळे काकांचे नियम मी तेव्हाच उतरवून घेतले होते. सुरुवात करणाऱ्यानं अख्खी चकती घेऊ नये, चार-पाच प्रकारचे छोटे नमुने मागवावेत. वेष्टनावर छापलेलं वर्ष आणि लग्नाच्या बायोडेटातलं वय यांवर सारखाच विश्वास ठेवावा. चकती हातानं मोडू नये, कडेनं दाभण घालून अलगद पापुद्रे सोडवावेत. पाणी उकळतं हवं, पण पहिल्या एक-दोन वेळा ते पानांवर दहाच सेकंद ठेवावं. तीच पानं आठ-दहा वेळा चालतात, टाकून देण्याची घाई करू नये. फ्रिज नको, ऊन नको, हवाबंद डबा नको. पावसाळ्यात चपलांवर येते तशी बुरशी दिसली तर चकती वेगळी काढावी आणि मन घट्ट करावं. शेवटचा नियम खास काकांचा होता. टँकरच्या पाण्यात हा चहा करू नये. त्यासाठी ते दर शनिवारी स्कूटरवरून सदाशिव पेठेत बहिणीकडे जाऊन दहा लिटरचा कॅन भरून आणायचे. धरण तेच असेल, पण पेठेतून फिरून आलेल्या पाण्याला वळण असतं, असं त्यांचं मत होतं.

दर रविवारी सकाळी दहाला चाखण्याची बैठक भरायची. पाच-सहा माणसं, आचमनाला शोभतील एवढे कप. बी विंगमधले निवृत्त प्राध्यापक प्रत्येक घोटाला डोळे मिटायचे आणि "जुन्या ग्रंथालयाचा वास" असं जाहीर करायचे. चहा कुठलाही असो, त्यांच्या ग्रंथालयाला सुट्टी नव्हती. पाचव्या मजल्यावरचा आयटीवाला मुलगा "काका, डेप्थ बघा ना, नेक्स्ट लेव्हल आहे!" म्हणायचा आणि कपाचा फोटो काढायचा. कुणालाही चहा नुसता आवडायचा नाही. आवडणं हे आपल्याकडे कमी शिकलेल्यांचं काम मानलं जातं.

माझ्याकडे नोंदीचं काम होतं. कोण काय म्हणालं ते मी वहीत लिहायचे, त्याखाली माझ्या नाकाला जे कळेल ते. शेवटी मी तो वृत्तांत मोठ्यानं वाचायचा, सोसायटीच्या सभेत वाचतात तसाच, आणि काकांनी "मंजूर" म्हणायचं. मंजूर झाल्याशिवाय कुणी उठत नसे.

सुरुवातीला काका सगळ्यांच्या आधी बोलायचे. "ओल्या लाकडाचा ओंडका," असं म्हणाले की तो ओंडका आम्हाला दिसायचा. पण गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांना मोठा ताप आला, आठ दिवस अंथरुणाला खिळले होते. त्यातून उठल्यावर ते शेवटी बोलायला लागले. "आधी तुमचं होऊ दे. सेक्रेटरीबाई, आपण काय लिहिलंत?" मी सांगायचे आणि ते तेच अधिक चांगल्या मराठीत सांगायचे. मला वाटलं, वयानं नम्रता आली. पुण्यात राहून मी असा निष्कर्ष काढला, याची मला आजही लाज वाटते.

त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस दिवाळीनंतर आला, आणि नेमका रविवारी. काकांनी इस्त्रीचा झब्बा घातला होता. निवृत्तीच्या दिवशी मिळालेली ती चकती त्यांनी दोन्ही हातांनी बाहेर आणली. कार्डावरची पहिली तारीख आम्हाला वाचून दाखवली आणि दाभण घातलं. पहिलं पाणी बेसिनमध्ये गेलं. दुसरं कपांत आलं.

प्राध्यापकांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. "हा चहा नाही," ते शेवटी म्हणाले. "हा काळ आहे. आपण काळ पितो आहोत." ग्रंथालय प्रथमच मागे पडलं होतं.

"काका, वेगळंच काहीतरी आहे," मुलगा म्हणाला. "स्पाइसी, वूडी... मिस्टिक!"

मी कप नाकाशी नेला आणि सवयीप्रमाणे लिहीत गेले. धने. सुकं खोबरं, भाजलेलं. तीळ. तमालपत्र. लवंग. यादी करताना मी विचार करत नाही, तो नंतर करते. सहावा शब्द दगडफूल लिहिला आणि पेन थांबलं. हा वास मला पाठ होता. मागच्या गुरुवारी काकूंनी वाटीभर आमटी पाठवली होती, तिचा होता.

मी काकांकडे पाहिलं. ते कप नाकाखाली धरून आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत होते. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरकडे पाहावं तसं.

कप विसळायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात गेले. काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"कळलं ना तुम्हाला?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"मसाला?"

"आषाढात या भिंतीला ओल आली. तुमच्या गळतीच्या यादीत आमचा नंबर अकरावा." मी मान खाली घातली. "बरणीला बुरशी धरेल म्हणून ती दोन दिवसांसाठी कपाटात ठेवली, खालच्या कप्प्यात, जुन्या अभ्र्यात गुंडाळून. म्हटलं, सकाळी कपाट उघडलं की ओरडतीलच. नाही ओरडले. दुसऱ्या दिवशी नाही, आठ दिवसांनी नाही. रोज सातला मी इथे उभी राहायची, आज तरी ओरडतील म्हणून. मग मलाच भीती वाटायला लागली. बरणी काढायचाही धीर होईना. काढली असती तर वाट कशाची बघायची?"

बाहेरून हाक आली, "सेक्रेटरीबाई, वृत्तांत!"

काकूंनी माझा हात धरला. "सगळ्यांसमोर नका वाचू. या रविवारावर उभे आहेत हो ते."

मी बाहेर आले. मी आजवर खोटी नोंद केलेली नाही आणि केलेली नोंद लपवलेली नाही. म्हटलं, "आज माझंच अक्षर मला लागत नाहीये. पुढच्या बैठकीत वाचते."

"वृत्तांत त्याच दिवशी होतो," काका म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "आणा. मला लागतं आपलं अक्षर."

वही द्यावी लागली. त्यांनी चष्मा लावला. प्राध्यापकांचा काळ वाचला, मुलाचं मिस्टिक वाचलं, मग माझी यादी. मालाच्या याद्या वाचण्यात ज्याची चौतीस वर्षं गेली, त्याला सहा शब्दांचा अर्थ लावायला किती वेळ लागणार? त्यांचं बोट शेवटच्या शब्दावर थांबलं. त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"मंजूर," काका म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

मंडळी काळ पिऊन जिना उतरली. मी निघत होते, तर त्यांनी हातानंच बसायला सांगितलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कधीपासून आहे बरणी?"

"आषाढापासून."

"आणि माझं नाक गेलेलं तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. मला वाटलं, परत येईल."

"मलाही तसंच वाटलं," काका म्हणाले. "ताप उतरला त्या दिवसापासून वाट बघतोय. कुणाला सांगितलं असतं तर ते पक्कं झालं असतं." त्यांनी समोरचा गार कप उचलला, सवयीनं नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "रोज सकाळी सातला मी त्या कपाटात डोकं घालून उभा असतो. चार महिने."

मग त्यांनी मान वर केली.

"पण मला एक सांगा, सेक्रेटरीबाई. प्राध्यापकांना तर ताप आला नव्हता ना?"

आधी काकूंना हसू फुटलं, मग मला. काका हसता हसता चष्मा काढून डोळे पुसत होते, आणि ते बराच वेळ पुसत राहिले.

त्यानंतरच्या रविवारी बैठक झाली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काकांनी कारण दिलं नाही, कुणी फार विचारलंही नाही. महिन्याभरात प्राध्यापकांनी बी विंगमध्ये स्वतःची बैठक सुरू केली. तिथे मला बोलावणं आलं होतं. मी वेळ नसल्याचं कळवलं. गोड्या मसाल्याचं मी कुणाला सांगितलं नाही. तिथे त्या चहाची आठवण अजून निघते, आणि तसा पुन्हा झाला नाही म्हणून हळहळ व्यक्त होते.

या एप्रिलमध्ये काका-काकू मुलीकडे नाशिकला राहायला गेले. फ्लॅट भाड्यानं दिला आहे. कपाट बरोबर नेलं.

जाण्याच्या आदल्या आठवड्यात मी भाडेकरूच्या फॉर्मवर सही घ्यायला वर गेले होते. दार उघडंच होतं. टेबलाशी काकू बसल्या होत्या. गोवरी म्हणून ज्याला त्यांनी पंधरा वर्षं तोंड लावलं नव्हतं, त्या चहाचा कप त्यांच्या नाकाशी होता. समोर काका कार्ड आणि पेन्सिल घेऊन बसले होते. दोघांचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"नीट घे वास. सांग."

"सांगते हो. चहासारखा काही येत नाही."

"मग कशासारखा?"

काकूंनी पुन्हा कप वर नेला. "जूनमध्ये तुम्ही पोरीच्या नव्या वह्या आणायचात ना, तसा."

काकांची पेन्सिल थांबली. ते डोळे मिटून बसले. प्राध्यापक मिटायचे तसे नाही, काहीतरी शोधत असल्यासारखे.

"कव्हर घातलेल्या," त्यांनी विचारलं, "की बिनकव्हराच्या?"

काकूंनी तिसऱ्यांदा वास घेतला. चांगला सावकाश.

"घातलेल्या," त्या म्हणाल्या. "खाकी कव्हर. आणि खळ अजून ओली आहे."

काकांनी ते शब्दशः उतरवून घेतलं. मी फॉर्म फाइलमध्ये परत ठेवला आणि जिना उतरले.